क्रेडिट रिपोर्टच्या केसमध्ये 'एक्स्पर्ट विटनेस' खरंच लागतो का? (न्यू जर्सी)

एडिसनकर_७

मंडळी नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, विभाग चुकला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

गेल्या वर्षी घर घ्यायला निघालो, प्री-अप्रूव्हल हातात होतं, ऑफर अ‍ॅक्सेप्ट झाली होती आणि मग बँकेने ऐनवेळी नाही म्हटलं. का, तर माझ्या क्रेडिट रिपोर्टवर टेक्सासमधल्या एका गाडीचं लोन, हप्ते थकलेले आणि शेवटी चार्ज-ऑफ, म्हणजे बुडीत धरलेलं. टेक्सासमध्ये मी एअरपोर्टच्या बाहेरसुद्धा पाऊल टाकलेलं नाही. शोधाशोध केल्यावर कळलं की माझ्याच नावाआडनावाचा एक मुलगा आहे, तो पण माझ्याच जुन्या कन्सल्टन्सीतून एचवनवर आलेला, वेगळ्या वर्षी, आणि दोघांचा अमेरिकेतला पहिला पत्ता एकच. कन्सल्टन्सीचं ते गेस्ट हाऊस हो, दोन खोल्या, आठ गाद्या आणि एक कुकर, इथल्या निम्म्या लोकांनी अनुभवलं असेल. जन्मतारीख वेगळी, सोशल सिक्युरिटी नंबर वेगळा, तरी क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या तीन कंपन्यांपैकी, म्हणजे ब्युरोंपैकी, एकीने त्याचं लोन माझ्या फाईलला चिकटवलं.

डिस्प्यूट, म्हणजे हरकत, टाकला, सोबत पासपोर्ट, पत्त्यांचे पुरावे, सगळं पाठवलं. उत्तर काय तर 'व्हेरिफाइड', म्हणजे तपासलं, नोंद बरोबरच आहे. परत टाकला, परत तेच. वकिलाचं पत्र गेल्यावर मात्र नोंद गायब. तोपर्यंत मी दुसऱ्या लेंडरकडून ७.२५ टक्क्यांनी लोन घेऊन घर घेऊन मोकळा झालो होतो, पहिल्या बँकेचा रेट ६.५ होता.

आता वकील म्हणतोय केस चांगली आहे, फी आधी नको, पण दोन एक्स्पर्ट लागतील. एक जण ब्युरोचं काम कसं चालतं ते सांगणार, दुसरा नुकसान किती झालं ते. दोघं तासाला चारपाचशे डॉलर घेतात, आधी रिपोर्ट, मग डिपोझिशन (कोर्टाबाहेर शपथेवर जबाब), मग कोर्ट. पैसे सध्या फर्म भरेल पण नंतर माझ्या सेटलमेंटमधून कापणार. बायको म्हणते हा आपल्या ओळखीतल्या माणसांची सोय बघतोय. मला कळत नाहीये की चूक जर कागदावर ढळढळीत दिसतेय, तर ती दाखवायला तज्ज्ञ कशाला? ज्युरीतल्या लोकांना वाचता येतं ना?

कोणी या भानगडीतून गेलं असेल किंवा या लाईनमधलं असेल तर सांगा प्लीज.

---

खटपट_राव

वहिनी बरोबर बोलतायत. डॉक्टरकडे गेलं की आधी सगळ्या टेस्ट करून या म्हणतात त्यातली गत. तज्ज्ञाने रिपोर्ट लिहायचा, समोरच्या पार्टीने त्यांचा तज्ज्ञ आणायचा, त्याने याचा रिपोर्ट फाडायचा आणि मीटर दोघांचं चालू. मी असतो तर सरळ स्मॉल क्लेम्समध्ये, छोट्या रकमांच्या कोर्टात, गेलो असतो, फी भरायची, कागद ठेवायचे समोर, जज काय आंधळा आहे का.

---

फाईलवाली

फिलाडेल्फियात एका कन्झ्युमर लॉ फर्ममध्ये पॅरालीगल (वकिलांची मदतनीस) आहे, वकील नाही, त्यामुळे हा सल्ला समजू नका. पण या फाईली रोज हाताखालून जातात म्हणून लिहितेय. मोठं होणारे, चहा घेऊन बसा.

एडिसनकर, तुमचा प्रश्न बरोबर आहे पण कायद्याचा प्रश्न वेगळा आहे. १९७० चा जो फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अ‍ॅक्ट आहे, एफसीआरए, त्यात 'रिपोर्टमध्ये चूक सापडली की ब्युरो दोषी' असं कुठेच नाहीये. रिपोर्ट शक्य तितका अचूक राहावा यासाठी ब्युरोने वाजवी पद्धत ठेवली होती का, हे बघतात. तुम्ही डिस्प्यूट टाकल्यावर ३० दिवसांत वाजवी चौकशी केली का, हेही बघतात. म्हणजे चूक दाखवून तुम्ही फक्त दारात आलात, आत जायला पद्धत वाईट होती हे दाखवावं लागतं. आणि ती पद्धत असते सॉफ्टवेअरच्या पोटात, ती कागदावर दिसत नाही.

उदाहरण म्हणून तुमचा डिस्प्यूटच घ्या. तुम्ही पासपोर्ट, पत्ते, दोन पानी पत्र पाठवलंत. ते ब्युरोकडे कुठल्या तरी कंत्राटी ऑफिसात एका माणसाने उघडलं, मिनिटं-दोन मिनिटं बघितलं आणि ई-ऑस्कर नावाच्या सिस्टिममधून त्या ऑटो लोनवाल्या कंपनीला एक फॉर्म पाठवला. फॉर्मवर तुमची अख्खी कहाणी म्हणजे एक कोड, 'हे खातं माझं नाही'. २०१३ पासून कागद जोडायची सोय आहे, पण सोय असणं आणि पलीकडच्याने ते उघडून वाचणं यात फरक आहे. पलीकडच्या क्लार्कने स्क्रीनवर नाव बघितलं, जुळलं. जुना पत्ता बघितला, तोही जुळला (तुमचं ते गेस्ट हाऊस!). झालं, 'व्हेरिफाइड'. तुमच्या सोशलचे आकडे त्या खात्याच्या सोशलशी जुळत नव्हते हे त्याला दिसलं का, दिसलं असेल तर त्याने काय करायला हवं होतं, या धंद्यात बाकीचे काय करतात, हे ज्युरीला कोण सांगणार? तुम्ही तर नाही, तुम्ही आत कधी गेलेलाच नाही. ब्युरोचा माणूस सांगेल, पण तो सांगेल की आमची सिस्टिम जगात भारी आहे. म्हणून जो माणूस पूर्वी ब्युरोत किंवा बँकेच्या डिस्प्यूट डिपार्टमेंटमध्ये वरच्या जागेवर होता, तो तुमच्या बाजूने लागतो.

आता खटपटरावांसाठी: तुम्ही अगदीच चूक नाही. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया थर्ड सर्किट या फेडरल अपील कोर्टाखाली येतात आणि तिथे ग्राहकाच्या बाजूचे चांगले निकाल आहेत. १९९६ च्या फिलबिन केसमध्ये कोर्टाने साधारण असं धरलं की ब्युरोची यंत्रणा ग्राहकाने स्वतः उघडून नेमका बिघाड दाखवावा हे फारच जड ओझं आहे. १९९७ च्या कुशमन केसमध्ये म्हटलं की ग्राहकाने ओरडून सांगितल्यावर ब्युरोने नुसता बँकेच्या होला हो करून चालत नाही, स्वतःहून खोलात जावं लागू शकतं. म्हणजे साध्या निष्काळजीपणाचा मुद्दा तज्ज्ञाशिवाय ज्युरीपर्यंत जाऊ शकतो, जातोही.

पण दंडात्मक भरपाई हवी असेल तर 'विलफुल' सिद्ध करावं लागतं, जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने केलं असं. २००७ च्या सेफको निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बेफिकिरी पुरते. ती दाखवायला ब्युरोला हा धोका आधीपासून माहीत होता किंवा माहीत असायलाच हवा होता हे दाखवावं लागतं. आणि माहीत होतंच! दोन माणसांची फाईल एकत्र होणं, याला धंद्यात 'मिक्स्ड फाईल' म्हणतात, ते नव्वदच्या दशकापासून सरकारी तक्रारींमध्ये आहे, २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या अ‍ॅटर्नी जनरलशी तिन्ही ब्युरोंनी जो समझोता केला त्यात अशा डिस्प्यूटसाठी खास ट्रेनिंग दिलेली माणसं ठेवायचं कबूल केलंय. हा सगळा धागा एका माणसाने ज्युरीसमोर सलग मांडणं, हे एक्स्पर्टचं काम. एक लक्षात ठेवा, तो 'यांनी कायदा मोडला' असं म्हणू शकत नाही, ते जज म्हणू देत नाही. 'या धंद्यात असं करत नाहीत' एवढंच म्हणू शकतो.

---

एडिसनकर_७

फाईलवाली, तुमचे आभार कसे मानू कळत नाही, वकिलाने एवढं समजावलं नव्हतं. पहिला एक्स्पर्ट का लागतो हे पटलं. पण दुसरा? नुकसानाचं गणित तर मी स्वतः एक्सेलमध्ये केलंय. पाऊण टक्का जास्त, ४,८०,००० डॉलरचं लोन, महिन्याला २४० डॉलरचा फरक, ३० वर्षांत ८६ हजारांच्या वर. यात तज्ज्ञ काय नवीन सांगणार?

---

रेटलॉक_शार्लट

मी मॉर्गेज अंडररायटर आहे, म्हणजे गृहकर्जाची फाईल तपासून हो की नाही ठरवणारा, आता तुमचं एक्सेल फाडतो, राग मानू नका, कारण समोरचा एक्स्पर्ट हेच करणार आहे, फक्त तो तासाचे पैसे घेऊन करेल.

पहिलं म्हणजे ३० वर्षं तुम्ही ते लोन ठेवणार हे कोणी सांगितलं? इथे लोक घर विकतात, रेट पडला की रिफायनान्स करतात. तो म्हणेल पाच वर्षं धरा. २४० गुणिले ६० म्हणजे १४,४०० डॉलर, तुमचे ८६ हजार तिथेच संपले. मग म्हणेल उद्याच्या डॉलरची आजची किंमत कमी, म्हणून आणखी कापा. मग म्हणेल व्याजावर टॅक्समध्ये सूट घेतली असेल तर तेही वजा करा.

दुसरं, आणि हे जास्त लागतं. तो तुमची पहिल्या बँकेची अख्खी फाईल मागवेल. त्यात उत्पन्नाच्या मानाने कर्ज किती होतं, नोकरी नुकती बदलली होती का, व्हिसाची मुदत किती उरली होती, डाउन पेमेंटचे पैसे भारतातून आले असतील तर त्याचा माग कागदावर लागतो का, हे सगळं. आणि मग ज्युरीला सांगेल की टेक्सासची ती गाडी रिपोर्टवर नसती तरी या साहेबांना ६.५ मिळालाच नसता. मग काय करणार? तुमचं 'मिळाला असता' आणि त्याचं 'नसता मिळाला', यात ज्युरी कोणाचं ऐकेल?

म्हणून नुकसानाचा एक्स्पर्ट. तो त्या आठवड्याची रेटशीट (व्याजदरांचा तक्ता) काढतो, तुमच्या खऱ्या स्कोअरला, तुमच्या डाउन पेमेंटला त्या दिवशी बाजारात काय रेट होता ते दाखवतो, गाईडलाईन समोर ठेवून फाईल परत अंडरराइट करतो, एकदा गाडीसकट, एकदा गाडीशिवाय. मी स्वतः कधी साक्ष दिलेली नाही पण आमच्यातले दोघंतिघं रिटायर होऊन आता हेच करतात, आणि कामाला तोटा नाही असं म्हणतात.

एक स्वस्तातला उपाय सांगतो. ज्या लोन ऑफिसरने तुमची फाईल केली, तो एक्स्पर्ट नाही, साधा साक्षीदार आहे. 'या चार्ज-ऑफमुळेच आम्ही नाही म्हटलं' एवढं तो शपथेवर बोलला तर अर्धं काम झालं, आणि त्याला तासाचे पाचशे द्यावे लागत नाहीत. बँकेने नाही म्हणताना जे पत्र दिलं असेल, अ‍ॅडव्हर्स अ‍ॅक्शन नोटीस, त्यात कारण आणि ब्युरोचं नाव लिहावं लागतं. ते पत्र सोन्यासारखं जपा. पत्रात फक्त 'डिलिंक्वंट क्रेडिट' (थकलेलं कर्ज) लिहिलंय का त्याच्यासोबत 'उत्पन्नाच्या मानाने जास्त कर्ज' पण लिहिलंय, हे आज घरी गेल्यावर आधी बघा. दुसरं कारण असेल तर तुमचा वकील दुसऱ्या एक्स्पर्टसाठी का अडून बसलाय ते कळेल.

---

एडिसनकर_७

बघितलं. दोन कारणं आहेत. दुसरं तेच आहे जे तुम्ही म्हणालात 🤦 पण त्या 'जास्त कर्जा'त त्यांनी टेक्सासच्या गाडीचा हप्ता पण धरला असेल ना?

---

रेटलॉक_शार्लट

तोच तर मुद्दा! चार्ज-ऑफ झालेल्या खात्याचा हप्ता धरला की नाही, हे बँकेच्या आतल्या वर्कशीटवरून कळतं, पत्रावरून नाही. वकिलाला सांगा सबपीना, म्हणजे कागद हजर करायचा कोर्टाचा हुकूम, काढून ती वर्कशीट मागवा. त्यात तो हप्ता असेल तर दुसरं कारणही पहिल्यातूनच आलं असं म्हणता येईल. नसेल तर एक्स्पर्टला घाम गाळावा लागेल.

---

अटलांटाची_मावशी

विषयाला थोडं सोडून, पण नावाच्या बाबतीत आपल्याकडे सगळा सावळा गोंधळच आहे रे बाबांनो. बायकोचं मधलं नाव नवऱ्याचं, मुलांचंही मधलं नाव त्याचंच, त्यामुळे आमच्याकडे मी एस. ए. आणि माझी लेक पण एस. ए., आडनाव एक, पत्ता एक. तिचं स्टुडंट लोन माझ्या रिपोर्टवर येऊन बसलं होतं. नशिबाने एका पत्रात सुटलं. रिपोर्ट आता दर आठवड्याला फुकट बघता येतो, सगळ्यांनी तिन्ही ब्युरोंचा बघत जा, घर घ्यायच्या आदल्या महिन्यात नव्हे.

---

खटपट_राव

मान्य, मान्य. पण माझा स्मॉल क्लेम्सचा मुद्दा कोणी खोडला नाही अजून. न्यू जर्सीत ५,००० पर्यंत जाता येतं, त्याच्या वरच्या स्पेशल सिव्हिल कोर्टात २०,००० पर्यंत. याचं पाच वर्षांचं नुकसान १४ हजारच आहे म्हणता, मग फेडरल कोर्टात हत्तीवर बसून जायची काय गरज?

---

फाईलवाली

तुम्ही स्मॉल क्लेम्समध्ये टाकाल हो, पण एफसीआरए फेडरल कायदा आहे, ब्युरोचा वकील ३० दिवसांच्या आत केस उचलून फेडरल कोर्टात नेऊ शकतो आणि हे वारंवार होतं. मग तिथे तुम्ही एकटे. शिवाय १४ हजार हे फक्त व्याजाचं झालं. मनस्ताप, झोप उडणं, घर हातचं जाणं, हे पण या कायद्यात प्रत्यक्ष नुकसान धरतात. त्याला मानसोपचारतज्ज्ञाचा रिपोर्ट लागतोच असं नाही, तुमची आणि बायकोची सविस्तर साक्ष चालते, आणि तुम्ही त्या काळात फॅमिली डॉक्टरकडे गेला असाल तर त्याची साक्ष. उपचार करणारा डॉक्टर म्हणून तो आला तर विकतच्या एक्स्पर्टसारखा भलामोठा लेखी रिपोर्ट द्यावा लागत नाही. म्हणजे तिथे खर्च वाचवता येतो.

पण पैशाची एक गोष्ट एडिसनकरांनी नीट समजून घ्यावी, वकील सहसा ही स्वतःहून सांगत नाहीत. केस जिंकली तर तुमच्या वकिलाची फी समोरच्याकडून मिळते, कायद्यात तसं आहे. एक्स्पर्टची फी तशी मिळत नाही. फेडरल कोर्टात साक्षीदाराचे दिवसाला ४० डॉलर एवढंच धरतात, आणि कायद्यात एक्स्पर्टचं नाव घेऊन तरतूद नसेल तर सुप्रीम कोर्टाने १९९१ पासून तेच लावून धरलंय. तासाला पाचशेवाल्या माणसाचे दिवसाला ४०. बाकीचे तुमच्या खिशातून. त्यामुळे 'जिंकलो तर सगळं वसूल' असं गृहीत धरून सही करू नका.

---

डेटा_डोंबिवली

मी बँकेत क्रेडिट मॉडेल बनवतो, वर जे म्हणाले त्याला अनुमोदन. एक्स्पर्टची मागणी का वाढलीय त्याचं एक वेगळं कारण सांगतो, ते क्लास अ‍ॅक्शनशी संबंधित आहे, म्हणजे अनेक ग्राहक मिळून एकच दावा टाकतात त्याच्याशी.

२०२१ ची ट्रान्सयुनियन (तीनपैकी एक ब्युरो) विरुद्ध रामिरेझ केस. कॅलिफोर्नियात एक माणूस गाडी घ्यायला डीलरकडे गेला, डीलरने रिपोर्ट काढला, त्यावर इशारा की या नावाचा माणूस सरकारच्या दहशतवादी आणि ड्रग ट्रॅफिकरवाल्या यादीत असू शकतो. का, तर फक्त नाव आणि आडनाव जुळलं, जन्मतारीख बघितलीच नव्हती. डीलर म्हणाला गाडी तुला नाही विकणार, शेवटी बायकोच्या नावावर घेतली. अशा ८,१८५ लोकांची केस झाली, ज्युरीने ६ कोटी डॉलरच्या वर दिले. सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ४ ने निकाल लागला की ज्यांचा रिपोर्ट खरोखर तिसऱ्या कोणाकडे गेला त्या १,८५३ जणांनाच दावा करायचा हक्क, बाकी ६,३३२ जणांची फाईल चुकीची होती पण ड्रॉवरमध्येच पडून होती, त्यांना प्रत्यक्ष इजा काय झाली?

तिथे हे आकडे दोन्ही बाजूंनी मान्य केले होते म्हणून निभावलं. पण आता प्रत्येक क्लास अ‍ॅक्शनमध्ये हेच भांडण आहे. लाखो रेकॉर्डमधून कोणाचा रिपोर्ट बाहेर गेला, कधी गेला, त्या दिवशी त्यात चूक होती का, हे काढणार कोण? ब्युरोचे लॉग म्हणजे विकेंडला बसून बघायची गोष्ट नाही. म्हणून डेटाबेसवाला एक्स्पर्ट, सांख्यिकीवाला एक्स्पर्ट. २०२२ मध्ये इक्विफॅक्स या दुसऱ्या ब्युरोच्या सर्व्हरवर कोडमध्ये गडबड झाली होती, १७ मार्च ते ६ एप्रिल, कंपनीनेच सांगितलं की ३ लाखांपेक्षा थोड्या कमी लोकांचा स्कोअर २५ किंवा जास्त पॉइंटने हलला. आता यातल्या कोणाचं लोन त्याच २५ पॉइंटमुळे बुडालं हे ठरवायला स्कोअरच्या फॉर्म्युल्याच्या आत जावं लागतं आणि फॉर्म्युला ट्रेड सिक्रेट आहे. नुसता वकील तिथे काय करणार.

आणि आमच्या बाजूचं सांगतो, मॉडेल आता मशीन लर्निंगवाली होत चाललीत. पूर्वी स्कोअरकार्ड असायचं, कुठल्या ओळीला किती पॉइंट कापले ते बोट ठेवून दाखवता यायचं. आता कारण शोधायलाच वेगळा प्रोग्रॅम चालवावा लागतो, आणि त्याने दिलेलं कारण खरं की सोयीचं यावर आम्हीच ऑफिसात वाद घालतो. कोर्टात तर काय होईल.

दुसऱ्या बाजूने कोर्टं पण कडक झालीत. एक्स्पर्टच्या साक्षीबद्दलचा जो फेडरल रूल ७०२ आहे त्यात १ डिसेंबर २०२३ पासून दुरुस्ती आहे, एक्स्पर्टची पद्धत भरवशाची आहे हे त्याला आणणाऱ्या पार्टीनेच जजसमोर दाखवायचं, ज्युरी बघून घेईल म्हणून ढकलायचं नाही. त्यामुळे 'वीस वर्षं क्रेडिटमध्ये काम केलंय, माझ्या अनुभवाने सांगतो' एवढ्या भांडवलावर आलेल्यांना जज घरी पाठवतात. एडिसनकर, तुमचे दोघं याआधी कधी बाद झालेत का हे वकिलाला विचारा.

---

फाईलवाली

+१. आणि हे विचारायला लाजू नका. लेखी रिपोर्टमध्ये एक्स्पर्टला गेल्या ४ वर्षांत कुठे कुठे साक्ष दिली त्याची यादी आणि या केसचे पैसे किती घेतोय ते लिहावंच लागतं, म्हणजे समोरच्याला ते कळणारच आहे, तुम्हाला आधी कळलेलं बरं. तो कायम ग्राहकांच्याच बाजूने उभा राहत असेल तर ज्युरीसमोर तेही काढतात. दोन्ही बाजूंनी काम केलेला माणूस मिळाला तर उत्तम, पण ते महाग.

---

कोथरूड_एक्सप्रेस

तुमच्याकडचं वाचून डोकं गरगरलं. आमच्याकडे भारतात हाच प्रकार पॅनवरून होतो, कोणीतरी तुमचा पॅन वापरून अ‍ॅपवरून पाच हजाराचं लोन काढतं आणि तुम्हाला कळतं थेट होमलोनच्या वेळी. माझ्या मेव्हण्याचं झालं होतं, कंपनीचं नाव घेत नाही. इथे ज्युरी नाही, कंपनीकडे तक्रार, मग आरबीआयचा लोकपाल, क्रेडिट ब्युरो २०२२ पासून त्याच्या कक्षेत आहेत. एप्रिल २०२४ पासून ३० दिवसांत दुरुस्ती नाही झाली तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. दिवसाला १०० रुपये म्हणजे काय फार नाही, पण घड्याळ चालू झालं की लोक हलतात. एक्स्पर्टबिक्स्पर्ट कोणी मागितला नाही.

ग्राहक आयोगात मात्र वकील म्हणाला होता की 'यात फसवणूक आहे, सखोल पुरावा लागेल, दिवाणी कोर्टात जा' असं म्हणून हात वर करू शकतात. आणि कोर्टात गेलात तर १ जुलै २०२४ पासून नवीन साक्ष अधिनियम आहे, त्यात इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या सर्टिफिकेटला दोन भाग आहेत, दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा. म्हणजे साधा मेसेजचा स्क्रीनशॉट आणि लोनचा लॉग लावायचा तरी तज्ज्ञ शोधा. तुमची साथ इथेही येतेय हळूहळू.

---

खटपट_राव

दिवसाला १०० रुपये आणि दिवसाला ४० डॉलर, दोन्ही सरकारांना सामान्य माणसाचा भाव बरोबर माहितीये 😄

---

एडिसनकर_७

अपडेट देतो, काल वकिलाला भेटलो. तुमचे सगळे प्रश्न कागदावर लिहून नेले होते, तो जरा चमकलाच, म्हणाला तुम्ही कोणाशी बोललात?

ब्युरोवाला एक्स्पर्ट ठेवायचा ठरलं. तो पूर्वी दुसऱ्या एका ब्युरोत डिस्प्यूट विभागात होता, दोन्ही बाजूंनी साक्ष दिलीय. एका केसमध्ये त्याचा अर्धा रिपोर्ट जजने काढून टाकला होता, कारण त्याने त्यात 'कायद्याचं उल्लंघन' असं लिहिलं होतं, फाईलवाली म्हणाल्या तसंच. गाडीचं लोन देणाऱ्या कंपनीला पण पार्टी करायचंय, तिनेच 'व्हेरिफाइड' म्हटलं होतं. त्या कंपनीला थेट पाठवलेल्या तक्रारीवरून दावा होत नाही, ब्युरोमार्फत डिस्प्यूट गेलेला असावा लागतो म्हणे, सुदैवाने मी ब्युरोलाच पाठवला होता.

नुकसानवाला एक्स्पर्ट सध्या होल्डवर. आधी बँकेला सबपीना, ती वर्कशीट येऊ दे. त्यात गाडीचा हप्ता धरलेला असेल तर लोन ऑफिसरच्या साक्षीवर भागवायचा प्रयत्न करू, नसेल तर दुसरा एक्स्पर्ट. हे रेटलॉकनी सुचवलेलं वकिलाला लगेच पटलं, मग आधी का नाही सुचलं ते मी विचारलं नाही. खर्चाचं पण लेखी घेतलं, एक्स्पर्टचा खर्च एका रकमेच्या वर जायच्या आधी मला विचारायचं, आणि सेटलमेंटमधून आधी खर्च वजा करून मग वकिलाचा टक्का काढायचा, उलट नाही.

बायकोचं मत अजून बदललेलं नाही.

एकच राहिलं, दावा टाकायची मुदत किती असते? तो म्हणाला वेळ आहे, पण तारीख सांगितली नाही.

---

फाईलवाली

खर्च आधी वजा करून मग टक्का, हे लेखी घेतलंत ते बेस्ट केलंत, बरेच जण तिथेच फसतात.

मुदत: उल्लंघन तुम्हाला कळल्यापासून २ वर्षं किंवा उल्लंघन झाल्यापासून ५ वर्षं, यातलं जे आधी संपेल ते. तुमच्या बाबतीत पहिलं 'व्हेरिफाइड' पत्र ज्या दिवशी हातात आलं तिथून २ वर्षं मोजा, म्हणजे सगळ्यात सावध हिशोब होतो. त्या पत्राचं पाकीट ठेवलंय ना, पोस्टाच्या शिक्क्यासकट? नुसतं पत्र नको, पाकीट पण स्कॅन करून वकिलाला पाठवा, आणि तारीख त्याच्याकडून ईमेलवर लेखी घ्या.